शालिकरामजींचा पेन्सिलीचा रकाना

शालिकरामजी,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं. समोर तुमची नंदनवनातली सगळी गल्ली बसली होती, मागे आपल्या दवाखान्याची माणसं, टेबलावर तुमचा फोटो आणि त्याच्यापुढे मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं. दोघं-तिघं बोलले. तुम्ही किती प्रामाणिक होता, किती वेळेचे पक्के होता. माझी पाळी आली तेव्हा मी "शालिकरामजींनी चौदा वर्षं आमच्या विभागात" एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, डॉक्टरबाईंना भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. थकले होते. आणि जे बोलायचं होतं ते तुमच्याशी होतं, त्या मांडवाशी नव्हतं.

म्हणून आता लिहायला बसले आहे. दुपारचे तीन वाजलेत, ओपीडी आटोपली आहे. तुमच्या टेबलावर कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा तसाच पडला आहे आणि नवीन माणूस अजून मिळालेला नाही. मिळेल म्हणतात. आपल्या विभागात जे जे मिळायचं असतं ते ते 'मिळेल' असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

चौदा वर्षं आपण या एका खोलीत काढली. मी दातांची डॉक्टर, येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड उघडून आत कॅन्सर आहे का ते पाहणारी. तुम्ही कारकून, एकदा उघडलेलं तोंड पुन्हा आपल्याकडे परत येईल हे पाहणारे. सर्जननं कापलं की कोबाल्टच्या किरणांनी शेकलं, यापैकी कशानं माणूस जास्त जगतो हे शोधणं हा आपला अभ्यास. त्यासाठी उपचारानंतर पाच वर्षं माणूस डोळ्यांसमोर राहायला हवा. आणि बरं वाटलं की माणूस दवाखान्याकडे पाठ फिरवतो. तेव्हा साहेबांचा, म्हणजे आपल्या विभागप्रमुखांचा, तो सगळा मोठा अभ्यास शेवटी तुमच्या सायकलवर लादलेला होता.

तुम्ही आमच्याकडे आलात ते पोस्टातून. पारशिवनीकडच्या गावांत काही वर्षं बदली पोस्टमन होता, कायम काही झाला नाहीत. मुलाखतीला साहेबांनी विचारलं होतं, "पत्ता अपुरा असला तर पेशंट कसा शोधाल?" तुम्ही म्हणालात, "साहेब, पत्ता कागदावर अपुरा रायते. गावात नाई." साहेबांना ते उद्धट वाटलं. मी शेजारी बसले होते, मला हसू आलं. तुमची नेमणूक माझ्या त्या हसण्यामुळे झाली असं मी पुढे कितीदा तरी ऐकवलं तुम्हाला. तुम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान डोलावायचात.

तंबाखू तुम्ही रुजू झाल्याच्या आठवड्यातच सोडली. एका म्हाताऱ्याच्या गालाला आरपार भोक पडलेलं होतं आणि तो पाणी प्यायला की ते शर्टावर सांडायचं. तुम्ही त्याचा पत्ता लिहून घेतलात, बाहेर गेलात आणि खिशातली पुडी नालीत टाकून आलात. वीस वर्षांची सवय होती. मी विचारलं तर म्हणालात, "काई नाई बाई, तंबाखूतला मजाच गेला." त्यानंतर तुम्ही कधी हात लावला नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. याचा उपयोग पुढे काय झाला ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

आणीबाणीतली ती गंमत मात्र परवा बोलायला हवी होती. आपली जीप गावात शिरली की पुरुष धोतर सावरत तुरीच्या शेतात पळायचे, कारण जीप म्हणजे नसबंदी. दोन गावांत आपल्याला माणूस सोडा, बैलसुद्धा दिसला नाही. तिसऱ्या गावाला तुम्ही मला वेशीच्या अलीकडेच उतरवलंत, उन्हातून चालवत नेलंत आणि पारावर उभं राहून आधी स्वतःचं तोंड वासून मला तपासायला लावलंत. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडलात, "पाहून घ्या गा! ह्या डॉक्टरबाई फक्त तोंड पायतात. कंबरेखाली आमचं काईच काम नाई!" मी लाजेनं लाल. पण त्या दिवशी मला एवढी तोंडं पाहायला मिळाली की संध्याकाळी मान वळेना.

हे असं हसायचं थोडं होतं, आणि मग गिरजाबाई होती.

तिच्याबद्दल आपण इतकं भांडलो की तुम्ही गेलात तरी ते भांडण मिटलं असं मला वाटत नाही. पेंचकडच्या एका गावातली बाई, पन्नाशीच्या आतली. रोज सकाळी गुडाखू, म्हणजे तंबाखू नि गुळाची ती काळी लुगदी, दातांना घासायची सवय. गालाच्या आतून कॅन्सर. आपण कोबाल्ट दिलं. त्याआधी तिचे सगळे दात काढले, कारण कोबाल्टनंतर दात किडला तर जबडा सडतो. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा भाकर वरणात चुरून खात होती आणि बोळक्या तोंडानं हसत होती. साहेबांनी विद्यार्थ्यांना बोलावून तिचं तोंड दाखवलं.

पुढे ती आलीच नाही. तीन कार्डं गेली, उत्तर नाही. नियमाप्रमाणे तिचं नाव 'बेपत्ता'च्या यादीत जायचं होतं. तुम्ही म्हणालात, "माणूस बेपत्ता नसते होत बाई. आपन पाहाले जात नाई." आणि एसटीच्या टपावर सायकल टाकून निघालात.

दोन दिवसांनी परत आलात ते थेट माझ्या टेबलापाशी. ती तिन्ही कार्डं माझ्यासमोर ठेवलीत. तिनं ती आरशामागे जपून खोचून ठेवली होती. तिच्या दिरानं वाचून दाखवली होती: 'आपल्या दातांच्या तपासणीकरिता यावे.' ही वाक्यरचना माझी. कार्ड उघडं, गावभर वाचलं जातं, त्यावर कॅन्सर लिहिलं तर घरचे तिचं ताट वेगळं काढतील, घरातल्या मुलीचं लग्न अडेल, म्हणून मीच ठरवलेली. घरातले सगळे हसले होते म्हणे. दात तर दवाखान्यानंच काढून घेतले, आता कायचे तपासून राहिले? दुसऱ्या कोणाचं कार्ड चुकून आलं असेल असं समजून गिरजाबाई घरीच राहिली. आपल्याला काय झालं होतं हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं, मग ती आणखी काय समजणार? तुम्ही पोचलात तेव्हा तिच्या मानेत लिंबाएवढी गाठ होती. महिनाभरात ती गेली.

"अक्षर माझं होतं बाई," तुम्ही म्हणालात, "अन् शब्द तुमचे."

मी भडकले. मी म्हणाले, तुम्हाला काय जातं बोलायला, गावात ती जगली असती का त्या शब्दासकट? तुम्ही आवाज चढवला नाहीत. "मी पोस्टमन होतो, मले विचारा. मरनाचं कार्ड बी मीच वाचून दाखवलं लोकाईले. लोक रडतात अन् मंग उठतात. पन खोटं कार्ड मी कवाच वाचलं नव्हतं."

तेव्हापासून कार्डावर आपण लिहू लागलो, 'तब्येत पाहावयाची आहे. तोंडात दात असोत वा नसोत, यावे.' ते वाक्य तुमचं. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला, पण खोडलं नाही. नियम मात्र राहिला तो राहिलाच. पेशंटला आजाराचं नाव सांगायचं नाही, नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगायचं आणि केसकार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहायचं, 'सांगितलेलं नाही'. म्हणजे पुढच्या डॉक्टरच्या तोंडून चुकून निघायला नको. चौदा वर्षांत मी किती कार्डांवर हे लिहिलं असेल! हात आपोआप त्या कोपऱ्यात जायचा. ते कार्ड लाकडी ट्रेमध्ये टाकायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ते कपाटात लावायचं. लावताना तुमचा ओठ जरासा वाकडा व्हायचा. मला तो दिसायचा आणि मी दिसत नाही असं दाखवायची.

गिरजाबाईच्या जावेनं तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. गाठ दिसायच्या दोन महिने आधीच तिनं भाकर सोडून पेज धरली होती. तुम्ही ते डोक्यात ठेवलंत. मग येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागलात, "काल काय जेवले?" उत्तर केसकार्डाच्या समासात, पेन्सिलीनं रकाना पाडून, लिहायचात. भाकर, झुणका. पोळी, वांगं. वडाभात. ठेचा तोंडाला लागतो का, तर्री झेपते का. साहेब म्हणाले, ही स्वयंपाकघराची चौकशी आमच्या कार्डावर नको. तुम्ही म्हणालात, "पेन्सिलीनं आहे साहेब, खोडता येईन," आणि लिहीत राहिलात. मीही थट्टा करायची. शालिकरामजी, अभ्यास संपल्यावर आपण खानावळ काढू म्हणायची.

मग इतवारीतले ते तांबट आले, आठवतं? पितळेच्या गुंडांवर, म्हणजे पाण्याच्या भांड्यांवर, ठोके मारून मारून एका कानानं बहिरे झालेले. जीभ ऑपरेशननं वाचवली होती. मी तोंड पाहिलं, बोटानं चाचपलं, छान आहे म्हणून लिहिलं. ते दारापर्यंत गेले होते. तुम्ही त्यांना हाताला धरून परत आणलंत आणि कार्डाचा समास माझ्यापुढे धरलात. पोळी. पोळी. पोळी कुस्करून. खिचडी. "बाई, पुन्हा एकदा पाहा ना. हा मानूस खाली उतरून राहिला." मी चिडून निळं औषध लावलं, कॅन्सरच्या जागी रंग धरून ठेवणारं. पाण्यानं धुतल्यावर सगळा रंग निघून गेला, फक्त जिभेच्या मुळाशी, दाढेच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढा निळा ठिपका राहिला. तुकडा काढला. कॅन्सर परत आला होता, पण इतका लहान की तो वेळेत कापता आला. परवा मांडवात ते तिसऱ्या पंगतीला बसले होते. मी मुद्दाम पाहिलं. दोन पोळ्या आणि चण्याची भाजी, चावून.

आपला निबंध छापून आला तेव्हा त्यात 'आहारातील बदल' असे दोन शब्द होते. तुमचं नाव नव्हतं. साहेबांचं होतं, माझं होतं. तुम्ही तो माझ्याकडून मराठीत वाचून घेतलात आणि म्हणालात, "बरोबर आहे." मी म्हणणार होते की पुढच्या वेळी तुमचं नाव घालू. म्हणाले नाही. साहेबांशी वाद घालायचा कंटाळा, दुसरं काही नाही. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं, ते आज सांगते आहे. माझं सगळं असं उशिराचंच असतं.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी तुम्ही ओपीडी संपेपर्यंत थांबलात आणि पेशंटच्या खुर्चीत येऊन बसलात. "आठ दिवस झाले, ठेचा लागून राहिला." तोंड उघडलं. उजवीकडे, शेवटच्या दाढेच्या मागे. मला तुकडा काढायच्या आधीच कळलं आणि तुम्हाला माझ्या हातावरून कळलं. बारा वर्षं तंबाखूला शिवला नव्हतात. मला फार राग आला, कोणावर ते माहीत नाही.

"मले तरी सांगा बाई," तुम्ही म्हणालात.

आणि मी सांगितलं. सरळ, नाव घेऊन. तुम्ही ऐकून घेतलंत, रुमालानं तोंड पुसलंत. मग म्हणालात, "पुढं काई बी निघालं तरी असंच सांगजा. मले तुमचं दाताचं कार्ड नोका पाठवू." मी हो म्हणाले. शालिकरामजी, मी हो म्हणाले होते.

दात काढले, कोबाल्ट झालं, तोंड आतून सोलून निघालं. सुट्टी संपायच्या आधीच तुम्ही टेबलावर हजर. तोंड आखडू नये म्हणून तो व्यायाम करायचात, दातांच्या जागी लाकडी पट्ट्या एकावर एक रचून. पेशंट समोर असतानाही करायचात, म्हणजे तो लाजायचा नाही. पोरीबाळी हसायच्या आणि मग त्याही करायच्या. पट्टी वाढली की माझ्याकडे पाहून बोटं दाखवायचात. तुमच्या स्वतःच्या कार्डाच्या समासात तुमच्याच अक्षरात पेजेपासून पोळीपर्यंत सगळं चढत गेलं. पहिल्यांदा ठेचा लिहिलात तेव्हा खाली रेघ ओढलीत.

या दिवाळीत मी तुमच्या घरी आले. तुमच्या शेवंताबाईंनी आग्रहानं वाढलं. त्या माझ्याशी बोलत होत्या, मी तुमच्या ताटाकडे पाहत होते. तुम्ही पोळी बाजूला सारली होती आणि भातात दूध घालून कालवत होता. तोंडीलावणं नाही. ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवलीत. "तुमी घ्या बाई, आज मन नाई." तुमचाच रकाना माझ्यासमोर ताटात वाढलेला होता आणि मला तो वाचता येत होता, कारण तुम्हीच शिकवला होता. आपण दोघंही फराळाच्या चकलीबद्दल बोललो.

आठवड्यानं तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली काच मी स्वतः पाहिली, दोनदा पाहिली. परत आला होता आणि खोल गेला होता. कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं, कोबाल्ट आणखी देता येत नव्हतं. तुम्ही दारात उभे होता, हातात पोस्टकार्डं.

"काय निघालं बाई?"

"कोबाल्टची सूज आहे," मी म्हणाले. "असं होतं कधी कधी. उतरेल."

तुम्ही जरा वेळ माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "बरं झालं. मी फालतू घाबरलो."

तुमच्या भल्यासाठी खोटं बोलले असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. तसं काही नव्हतं. तुमचा चेहरा माझ्या शब्दानं पडलेला मला पाहायचा नव्हता, एवढंच. पहिल्या वेळी हातात उपाय होता म्हणून खरं बोलायची हिंमत होती. या वेळी हात रिकामे होते. रिकाम्या हातांनी खरं बोलायला मी कधी शिकलेच नाही, ना कोणी शिकवलं.

त्याच संध्याकाळी शेवंताबाईंना बोलावून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्याकडून वचन घेतलं की यांना कळू द्यायचं नाही. त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "नाई सांगत बाई. पन त्याईचे डोये लय बारीक आहेत." मग मी तुमच्या कार्डावर निदान लिहिलं, कार्ड ट्रेमध्ये टाकलं आणि घरी गेले.

त्यानंतरचे तीन महिने असे गेले. तुम्ही जमेल तितके दिवस कामावर आलात, मग नंदनवनातल्या त्या पुढच्या खोलीत खाटेवर. दर रविवारी मी यायची, टॉर्च लावून आत पाहायची आणि म्हणायची, "उतरते आहे." तुम्ही म्हणायचात, "हौ बाई, उतरून राहिली." शेवंताबाई चहा ठेवायला म्हणून आत जायच्या त्या बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत. बोलणं अगदीच अवघड झालं तेव्हाही तुम्ही बोटांनी विचारायचात, अमक्याला कार्ड गेलं का? तमकी आली का? आपण तिघं त्या खोलीत एवढं चांगलं वागत होतो की कधी कधी मला तिथून पळून जावंसं वाटायचं. एका रविवारी तुम्ही माझा हात थोपटलात. मला वाटलं, तुम्ही धीर मागता आहात. मी म्हणाले, "होईल सगळं ठीक."

तुम्ही गेल्यावर तुमचं केसकार्ड शोधलं तर कपाटात नव्हतं. सगळे खण काढले. दवाखान्याचा कागद कोणी घरी नेला तर भांडायला उठणारे तुम्ही, तुमचंच कार्ड बेपत्ता. मी दवाखान्याच्या शिपायावर ओरडले. त्याची मी माफी मागितली आहे.

आज सकाळी शेवंताबाई आल्या. ओपीडीच्या बाकावर पेशंटमध्ये गप बसून राहिल्या, त्यांचा नंबर यायची वाट पाहत. मला फार वेळानं दिसल्या. पिशवीतून कार्ड काढलं. "हे त्याईच्या उशीखाली होतं. दवाखान्याचा कागद घरी ठेवू नोको म्हनत होते, म्हनून आनला. मले वाचता येत नाई. काय लिवलं आहे बाई?"

मी कार्ड हातात घेतलं. वरच्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीत, माझं अक्षर. 'पुन्हा उद्भव. रुग्णास सांगितलेलं नाही.'

मला आधी समजेचना की हे इथे कसं आलं. मग समजलं. चौदा वर्षांची सवय. त्या संध्याकाळी मी निदान लिहिलं, हात आपोआप कोपऱ्यात गेला, कार्ड आपोआप ट्रेमध्ये गेलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे कोण उचलतं? पेशंटला सांगू नका, असं मी पेशंटलाच लिहून कळवलं होतं. असा मूर्खपणा साऱ्या नागपुरात फक्त आपल्याच खोलीत होऊ शकला असता.

त्याच्या खाली, तुमच्या त्या पोस्टाच्या वळणदार अक्षरात, पेन्सिलीनं, दुसऱ्या दिवशीची तारीख घालून एक ओळ आहे. 'डॉक्टरबाईंना सांगितलेलं नाही की मला कळलं. त्यांना त्रास होईल. शेवंतालाही सांगितलेलं नाही.' आणि समासात तुमचा रकाना, शेवटपर्यंत भरलेला. भात. भात. पेज. दूध. दूध. पाणी चमच्यानं.

माझा हात थोपटलात तो का, ते आज कळलं. तुम्ही मला धीर देत होता.

शेवंताबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. खरं सांगते, तेव्हासुद्धा क्षणभर वाटलं की दुसरंच काही वाचून दाखवावं. औषधांची नावं आहेत म्हणावं. जीभ तयारच होती. मग तुम्ही दारात पोस्टकार्डं घेऊन उभे आहात असं वाटलं आणि मी जसं होतं तसं, लाल अक्षरापासून पेन्सिलीपर्यंत, एकेक शब्द वाचला. माझा हलगर्जीपणाही सांगितला. नाव घेऊन सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. पदराची घडी घालत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हनजे त्याईले पयल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मंग तीन महिने आमी कोनापासून लपवून राहिलो होतो बाई?"

मी कार्ड टेबलावर ठेवलं. "मले त्याईच्यासमोर एकदा रडाचं होतं," त्या म्हणाल्या. "तुमी नाई म्हनलं म्हनून नाई रडली." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली, ती माफ केल्याची होती की नाही ते मी विचारलं नाही.

बाकावर अजून चार पेशंट होते. कोणाकडे पाहवेना. तुमच्या टेबलावर बोथट झालेली पेन्सिल होती, ती उचलली आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, "शेवंताबाई, काल काय जेवलात?"

"चहा," म्हणाल्या.

"परवा?"

"चहाच."

मी पेशंटना थांबायला सांगितलं आणि त्यांना घेऊन फाटकासमोरच्या खानावळीत गेले. त्या नाही नाही म्हणत होत्या, मग बसल्या. मीही जेवले. परत येऊन तुमच्या कार्डावर, 'पाणी चमच्यानं'च्या खाली, पेन्सिलीनं लिहिलं आहे:

शेवंताबाई. अर्धी पोळी, आलूची भाजी. जेवताना रडल्या.